हरीचे अर्थ

सन एकसष्टच्या श्रावणात मी कुडपणच्या देवळात रोज दुपारी पोथी वाचत असे. पोलादपूरहून बदलून आलेला शाळामास्तर मी. चार संस्कृत शब्द येतात याची मिजास होती, आणि ती मी लपवतही नसे.

एका दुपारी ऐकायला बसलेल्या येसूबाईनं विचारलं, "गुरुजी, हरी म्हंजे काय वो? माज्या पोराचं नाव हाय."

तिचा हरी मुंबईला गोदीत कामाला होता. तीन वर्षं घरी फिरकला नव्हता. देव, एवढं सांगून मला थांबता आलं असतं. पण समोर वीसेक माणसं होती. मी बोटांवर मोजत सांगत गेलो: शास्त्रात हरी म्हणजे बेडूकही, माकडही, सापही आणि वाराही. शेवटी आवाज खाली आणून म्हणालो, हरी म्हणजे यम.

पुढे बसलेल्या गावातल्या मालोजीनं तिला माकडाची आई म्हटलं आणि देऊळभर हशा पिकला. मीही हसलो. येसूबाई खाली मान घालून पदर सारखा करत राहिली.

तिचा एक नेम होता. तिन्हीसांजेला हरीचं ताट वाढायचं, उंबऱ्यात उभं राहून त्याला एक हाक मारायची, मग आपण जेवायचं. दुसऱ्या दिवशी देवळात तिनं सांगितलं, काल हाक मारली तसा एक बेडूक उंबरा ओलांडून ताटाशी येऊन बसला. श्रावणात बेडकांना काय तोटा, मी म्हणालो. त्या संध्याकाळी माकड आलं. डोंगरात माकडं असायचीच. पुढच्या संध्याकाळी साप आला आणि ताटाला वळसा घालून निघून गेला. सापाचंही कारण मला देता आलं असतं. पण क्रम माझाच होता.

चौथ्या संध्याकाळी मी स्वतः गेलो. परसातल्या केळीचं पानसुद्धा हलत नव्हतं. तिनं हाक मारली. दार भिंतीवर आपटलं, ताटातला भात घरभर उडाला. केळ तशीच उभी होती.

पाचव्या संध्याकाळी तिला अडवायचंच, असं ठरवून गेलो. अंगणात निम्मं गाव जमलं होतं, मालोजी सगळ्यांच्या पुढे. मी चुकीचं सांगितलं, आज हाक मारू नका, एवढंच म्हणायचं होतं. गुरुजी घाबरले म्हणून लोक हसतील, या भीतीनं मी तोंड उघडलं नाही.

तिनं हाक मारली.

वाटेनं हरी आला. हातात पत्र्याची ट्रंक होती.

"आये, न्यायला आलोय तुला."

लोकांना आनंद झाला. येसूबाईनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला, गाठोडं बांधलं. निघताना माझ्यापाशी थांबली.

"गुरुजी, ह्यो कंचा अर्थ?"

"देव," मी म्हणालो. तिच्याकडे बघवलं नाही.

ती हसली आणि त्याच्या मागून डोंगर उतरून गेली.

आठवड्यानं मुंबईहून पत्र आलं, तारीख तीन दिवसांपूर्वीची. तिची पत्रं मीच वाचून दाखवत असे, म्हणून पोस्टमननं ते माझ्याकडे दिलं. हरीनं लिहिलं होतं: गोदीत रजा मिळत नाही, दिवाळीला येतो, तेव्हा आईला न्यायचा विचार आहे.

मी उत्तर लिहायला बसलो. 'चिरंजीव' लिहिलं आणि पुढे हात धजेना. त्या पोराला मी कधीच काही कळवलं नाही.

इतक्या वर्षांत ते नाव कागदावर आज पहिल्यांदा उतरवलं. कडी घालून बसलोय.