मनकर्णाचं खरं वय

गोरेगावच्या सेवा केंद्रात बाकाच्या एका टोकाला मनकर्णा बसली होती. दुसऱ्या टोकाचा जाडा गडी उठला... अन् बाक उलटलं! मनकर्णा पिशवीसकट थेट समोरच्या म्हाताऱ्याच्या पायाशी.

"लागलं का?" त्यानं हात पुढं केला.

"न्हाई. तुमी—" ती थबकली. साखऱ्याचा ग्यानबा! चौथीपस्तोर एका रांगेत बसलेला. जोडीदार गेल्यानं आता तोही एकटा, तीही एकटी.

कॉम्प्युटरवर बसलेली पोरगी आरोही म्हणाली, "आजी, म्हातारपणाचा पगार पासष्टीनंतर. आधारवर तुमी चोपन्नच्या... अन् तुमचा लेक मुन्ना एकोणपन्नासचा!"

केंद्र खदखदलं. कागदावर बाई पाचव्या वर्षीच बाळंत झाली होती! चौदा वर्सांमागं आधार काढताना रांगेत पुढं उभ्या शेजारच्या भिकाबाईनं "चाळीस" सांगितलेलं. मग मनकर्णा तिच्याहून म्हातारी कशी ठरणार? तिनंही चाळीसच ठोकून दिलं.

"जाऊ दे," ती पदर सावरत उठली. "चष्म्यासाठी सुनंपुढं हात पसरायचा नव्हता, म्हणून आले. भीक नको मला."

"भीक?" ग्यानबा उसळला. "साठ वर्सं हळद काढलीस, रान निंदलंस. हक हाये तुजा! शाळेच्या रजिस्टरात खरं वय असंल. चाल साखऱ्याला."

जीपमध्ये चौदा माणसं अन् दोन कोंबड्या. ग्यानबाचा खांदा तिच्या खांद्याला टेकला... तिनं सरकायला जागा शोधली न्हाई.

शाळेत बाईंनी धूळ झटकून रजिस्टर उघडलं. "मनकर्णा. जन्म एकोणीसशे अठ्ठावन्न. म्हंजे सदुसष्ट! शाळा सोडण्याचं कारण — म्हशी राखणे."

मनकर्णा ताठ झाली. आयुष्यात पयल्यांदा म्हातारी असल्याचा असा अभिमान!

"अन् खाली हे ग्यानबा... त्याच आठवड्यात सोडली. कारण — सांगत नाही."

मनकर्णानं वळून पाहिलं. "काहून रे सोडलीस?"

त्यानं टोपी काढली, पुन्हा घातली. "तू न्हवतीस... मंग बसायचं कोणाजवळ?"

शाळेच्या बाई दाखल्यावर शिक्का मारायचं विसरून दोघांकडं बघत राहिल्या.

शिक्क्याचा दाखला घेऊन बाहेर आल्यावर ग्यानबा हळूच म्हणाला, "अर्जाला परत गोरेगावला जावं लागंल. चहा पाजतो, चाल."

"तू काहून पाजशील?" मनकर्णानं दाखला छातीशी धरला. "पगारवाली बाई हाये मी आता. मी पाजीन... अन् दर महिन्याला पाजीन. येशील?"

"बराबर येतो," ग्यानबा म्हणाला, अन् सत्तरीला टेकलेला गडी कानापर्यंत लाजला.