परत आल्यावर उत्तर

"माझं नाव तू कापायला सांगितलंस?"

वाढायचा डाव तिच्या हातात तसाच राहिला. सासूबाईंनी चमकून वर पाहिलं, आणि ते प्रश्नामुळे नव्हे, त्या 'तू'मुळे! प्रशिक्षण केंद्रात ती आणि तिचा नवरा एकाच तुकडीत होती, एकाच चिखलात लोळलेली, एकमेकांना बिनदिक्कत अरे-तुरे करणारी. लग्नानंतर सासूबाईंना 'अहो' हवं होतं, म्हणून तिनं तेही देऊन टाकलं होतं. आज इतक्या वर्षांनी ते परत घेतलं.

"जेवताना ऑफिस नको," नवरा ताटातून मान वर न करता म्हणाला.

"ऑफिस? साहेबांनी सगळ्यांदेखत मला सांगितलं, 'बाई, तुमचे यजमानच म्हणाले, दडपण आलं की तुमचा धीर सुटतो. घरच्या माणसाचं ऐकायला नको का?' घरचा माणूस! अरे, बाहेरच्या कुणी एवढी दुष्मनी केली नसती!"

केंद्रीय पोलीस दलाच्या बॉम्बनाशक पथकाचा एक नियम आहे. एका घरातली दोन माणसं पथकात घेत नाहीत. एकाच दिवशी एकाच दारात दोन शवपेट्या जाऊ नयेत म्हणून. नवरा पथकात होता तोवर तिला दार बंद होतं. गेल्याच महिन्यात बढती मिळून तो प्रशिक्षण विभागाचा प्रमुख झाला, आणि ते दार उघडलं. वयाच्या अटीत बसायचं तिचं हे शेवटचं वर्ष होतं. तिनं अर्ज केला, धावण्याची चाचणी पार केली, डॉक्टरांनी शेरा चांगला दिला... आणि स्फोटरोधक सूट घालून द्यायच्या अंतिम चाचणीआधी नवरा चहा प्यायला म्हणून साहेबांच्या खोलीत जाऊन आला!

"मी तुझ्या भल्यासाठीच बोललो," तो म्हणाला. "मागं निवड झाली त्या वेळी तू स्वतः माघार घेतली होतीस. भीती वाटते म्हणून. मी नाही म्हणालो, तूच म्हणालीस. आता या वयात कशाला हसं करून घ्यायचं, भित्रीभागूबाई?"

भित्रीभागूबाई!

हे नाव त्यानंच पाडलं होतं. आधी लाडानं, मग पथकाच्या मेजवान्यांत, चारचौघांत, पाठीवर थाप मारत. सगळे हसायचे. तीही हसायची... आणि दुसऱ्या दिवशी मुख्यालयाच्या फाटकावर उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांची ओळखपत्रं तपासायची. तिच्या हाताखाली शिकलेली पोरं श्वानपथकात गेली, वाटाघाटी पथकात गेली, अधिकारी होऊन गाडीतून परत आली आणि काच खाली करून तिला 'काय ताई, अजून इथंच?' विचारू लागली. आपल्या घरांत त्यागाला एवढा मान का, ठाऊक आहे? तो करणारी दुसरी कुणीतरी असते म्हणून!

"मी भ्याले नव्हते," ती म्हणाली. आवाज इतका खाली आला होता की नवऱ्याला पुढं वाकावं लागलं. "निवड यादीत माझा क्रमांक तुझ्या वर होता. एका घरातलं एकच माणूस घेणार होते. म्हणजे मी. तू भिंतीकडं तोंड करून झोपून राहिला होतास, आठवतं? दाढी नाही, जेवण नाही... मी माघार घेतली. साहेबांनी कारण विचारलं. नवऱ्यासाठी म्हटलं असतं तर त्यांनी तुलाही घेतलं नसतं. मग काय सांगायचं? भीती वाटते म्हटलं, की पुढं कुणी काही विचारत नाही!"

नवरा हसला. तसलं हसू, ज्याला कानाखाली एक द्यावीशी वाटते. "वा! आता ही नवी कहाणी. इतकी वर्षं कुठं लपवली होतीस?"

"माझ्याजवळ होती."

सासूबाई बोलल्या होत्या. त्या ताटावरून उठल्या नाहीत, हात तसाच खरकटा, आणि डोळ्यांतून पाणी टपटप ताटात पडत होतं.

"मीच हिच्या पाया पडले होते रे... माझ्या पोराचा चेहरा बघवत नाही, तेवढं पद सोड म्हणाले. ही एका शब्दानं बोलली नाही. आणि तू हिला भित्री म्हणायचास तेव्हा... मीही हसायचे! तुला खरं कळलं तर तू मोडशील असं वाटायचं. तू कुठला मोडतोस मेल्या, तू तर हिलाच मोडत आलास!"

नवऱ्याचा चेहरा उतरला. त्यानं एकदा आईकडं पाहिलं, एकदा बायकोकडं. "साहेबांना उद्या सांगतो... गैरसमज झाला म्हणून."

"गैरसमज नाही," ती म्हणाली. "आणि एकट्या साहेबांना नाही. जिथं जिथं त्या नावावर हशा पिकवलास ना, तिथं सांगायचं. सगळ्या पथकासमोर, उभं राहून."

"माझी काय किंमत राहील तिथं?"

"माझी काय राहिली होती?"

त्यानं सांगितलं. सकाळच्या हजेरीला, मैदानात. शब्द अडखळले, मान खाली गेली, पण आईनं पाया पडण्यापासून साहेबांच्या खोलीतल्या चहापर्यंत सगळं सांगितलं. कुणी हसलं नाही. साहेब चष्मा पुसत राहिले आणि तिचं नाव पुन्हा चाचणीत घेतलं.

तो जाड, अवजड सूट एकट्यानं चढवता येत नाही. दुसरा कुणीतरी बांधतो. चाचणीच्या दिवशी नवरा तिच्यापुढं येऊन उभा राहिला. "मी बांधू?"

तिनं दोन्ही हात बाजूला पसरले. "बांध. पट्टे नीट आवळ. दया नको."

त्यानं आवळले. शेवटचा पट्टा मानेखाली अडकवला, की बांधणाऱ्यानं 'परत ये' म्हणायचं, अशी पथकाची रीत. जाणाऱ्यानं उत्तर द्यायचं नाही. उत्तर परत आल्यावर. तो स्वतः याच रीतीनं घरातून निघायचा. दारात ती 'परत या' म्हणायची, तो मुकाट्यानं जायचा, आणि त्याचं 'आलो' ऐकू येईपर्यंत तिचा दिवस पुढं सरकायचा नाही. त्याला तिचं ते वाट पाहणं कधी जाणवलंच नव्हतं!

"परत ये," तो म्हणाला.

ती वळली. एकेक पाऊल टाकत मोकळ्या मैदानातून चाचणीसाठी मांडलेल्या खोट्या बॉम्बच्या पेटीकडं निघाली. नवरा दोरीमागं उभा. करण्यासारखं काही नाही, फक्त पाहायचं. ती पोटावर आडवी झाली. पेटी जरा कलली तरी घंटा वाजणार होती आणि सगळं संपणार होतं. उन्हात तिची पाठ हलेना. त्यानं दोरी इतकी घट्ट धरली की तळहाताला वळ उठले. त्याच्या ओठांतून आपोआप निघत होतं, "ये ग... ये..."

घंटा वाजली नाही.

पेटीचं झाकण तिनं बाजूला ठेवलं, आणि साहेबांचा हात वर गेला. उत्तीर्ण!

ती तशीच जड पावलांनी परत आली. त्यानं शिरस्त्राण काढलं. केस घामानं कपाळाला चिकटलेले, चेहरा लाल, आणि डोळे कोरडे ठणठणीत. रडत होता तो, सगळ्या पथकादेखत, नाक ओढत, लहान पोरासारखा.

"माफ..." तो म्हणू लागला.

"ते घरी," ती म्हणाली. "आधी पट्टे सोड."

त्यानं मानेखालचा पट्टा सोडला. तिनं पहिला मोकळा श्वास घेतला, आणि मग, ती जे इतकी वर्षं दारात ऐकत आली होती, ते त्याला दिलं.

"आले."