टाकीतली चप्पल

"मॅडम, टाकीत बाई पडली!"

कामगाराची हाक ऐकताच दामिनी चहा टाकून धावली. चांदूर रेल्वे गावाजवळच्या या संत्रा वाईनच्या कारखान्यात ती कामगार अधिकारी म्हणून अचानक तपासणीला आली होती. मॅनेजर अंकुर गावंडेनं तिला ऑफिसात बसवलं, "आलोच" म्हणत एकटाच आत गेला, मग सगळं फिरवून दाखवलं. हेल्मेट घातलेले चार पुरुष, बाई एकही नाही.

सकाळीच रिकामी केलेली टाकी. दामिनीनं आत वाकून पाहिलं. एक तरुण बाई पालथी पडली होती, एक चप्पल तिच्या पाठीवर आणि दुसरी गाळात. टाकीच्या तोंडाशी हवेचा पंखा बंद होता, पण त्याची मोटर अजून गरम होती.

ऑक्सिजनचे मास्क लावून दोघा कामगारांनी तिला वर काढलं. श्वास चालू होता. ॲम्ब्युलन्स तिला घेऊन गेली तशी अंकुरची जीभ सुटली. "गावातली चोरटी आहे. वाईन चोरायला उतरली असेल."

"माही सून माया चोर नाई!" बंद शेडचं दार लाथेनं उघडून पार्बताबाई बाहेर आली.

"चूप बस, म्हातारे!"

"आजी, टाकी घासायला उतरताना चपला कुठं काढता?" दामिनीनं विचारलं.

"शिडीपाशी. रसाच्या जागी चपला घालून कोन जाते वं?"

दामिनी अंकुरकडे वळली. तिचं डोकं आता चांगलंच फिरलं होतं.

"रिकाम्या टाकीत कसली चोरी, गावंडे? माया पालथी पडली आणि चप्पल तिच्या पाठीवर. म्हणजे ती पडल्यावर कुणीतरी वरून टाकली. मी आले तेव्हा टाकी घासणं चालू होतं. तुम्ही विनानोंदणीच्या बायका शेडात कोंडल्या. मायाला आतच दडायला लावलं आणि आवाज नको म्हणून पंखा बंद केला. गाळातला गॅस साचला, काही मिनिटांत ती कोसळली. शिडीपाशी बाईच्या चपला दिसू नयेत म्हणून तुम्ही त्या आत भिरकावल्या. साधं डोकावूनही पाहिलं नाहीत! तेवढ्या वेळात आत गेलेले तुम्ही एकटेच."

अंकुर गुरगुरला, "कोण साक्ष देईल? उद्या कामावर यायचंय ना सगळ्यांना?"

पार्बताबाईनं पायातल्या चपला काढून शिडीपाशी ठेवल्या. मागून दुसरीनं ठेवल्या, मग तिसरीनं. शेडातली एकेक बाई पुढं येत गेली.

"लिवा मॅडम, सगळ्याईचे नावं लिवा," पार्बताबाई म्हणाली. "आमी इथंच काम करतो. आता कोनाच्या बापाले भेत नाई."

दामिनीनं पेन काढलं. "पहिलं नाव?"

"माया," सगळ्या एकदम म्हणाल्या.