नऊ ते वीस एप्रिल

“डाक्टर म्हणत्यात, पोराच्या अंगातनं किरणं गेल्यात. कंपनी म्हणती, तसलं काय घडलंच न्हाई,” बिराप्पा म्हणाला. “कोण खरं बोलतंय, तेवढं बघा, बाई.”

कवठे महांकाळहून सकाळच्या एसटीने तो थेट चंदना उपाध्येच्या सांगलीतल्या ऑफिसात आला होता. खासगी तपासाच्या कामात तिला बारा वर्षं झाली होती. शेजारी तिचा मदतनीस, फौजेतून निवृत्त झालेला हवालदार सयाजी, वही उघडून बसला होता.

बिराप्पाचा मुलगा सिद्धू लोणंदच्या एका रेडिओग्राफी कंपनीत होता. इरिडियमच्या किरणांनी पाइपांचे फोटो काढायचे आणि वेल्डिंगमधले दोष शोधायचे, हे त्याचं काम. एप्रिलमध्ये पाटणजवळच्या एका साखर कारखान्यात बॉयलरची दुरुस्ती चालू होती. अकरा तारखेला तिथून तो उलट्या करतच खोलीवर आला. आता महिना झाला. सांगलीच्या रुग्णालयात तो काचेआड होता. मांडीवर तळहाताएवढी जखम, डोक्यावरचे केस गेलेले, रक्तात पांढऱ्या पेशी जवळजवळ नाहीत.

“तो स्वतः काय म्हणतो?”

“घशात फोड आल्यात. बोलता येत न्हाई.”

लोणंदला मालक जयराजने रजिस्टर स्वतःहून पुढे सरकवलं.

“काम संपलं की इरिडियमची कांडी शिशाच्या पेटीत परत गेली का, ते मीटरने तपासायचं आणि आकडा लिहायचा. हे बघा, नऊ ते वीस एप्रिल. बारा दिवस, बारा आकडे, समोर सिद्धूच्या सह्या. काही घडलं असतं तर त्यानेच लिहिलं असतं.”

“मीटर कुठे असतं?”

“गाडीत. त्याच्याशिवाय गाडी हलत नाही.”

“अंगावर किती किरणं पडली हे मोजणारा बॅज असतो ना?”

“सिद्धूने हरवला. तशीही नोंद आहे.”

चंदनाने मार्चचं पान उघडलं, मग एप्रिलचं. सयाजीला आकडे वाचायला सांगितले.

“आठ एप्रिल, तीन पॉइंट दोन. नऊ एप्रिल, चार पॉइंट दोन. वीसला तीन पॉइंट आठ. एकवीसला दोन पॉइंट आठ.” तो थांबला. “मॅडम, हे बारा आकडे काळ्या शाईत हायत. सह्या निळ्या.”

“लिहून ठेवा.”

सुरक्षा अधिकारी गोमटेश शेजारच्या खोलीत होता. 

“मी रजेवर होतो. जाण्याआधी मीटर तपासणीसाठी मुंबईला पाठवलं. ते एकवीसला परत आलं. तोवर काम बंद ठेवा, असं पत्र साहेबांच्या टेबलावर ठेवलं होतं.”

“इरिडियम किती दिवस टिकतं?”

“ते रोज थोडं विझतं, तसा पेटीजवळचा आकडाही उतरतो. अडीच महिन्यांत निम्मं होतं.”

तिसरा ऋषिराज, सिद्धूच्या जोडीने काम करणारा. पाटणचाच. तो मान वर करेना.

“काय घडलं न्हाई.”

“सह्या कधी करता?”

“एक तारखेला रजिस्टर पुढ्यात येतं.”

“आणि मीटर नसताना काम केलंत?”

“साहेबांचा फोन आला, सुरू करा म्हणून. आमी उलट बोलत न्हाई.”

बाहेर आल्यावर सयाजी म्हणाला, “मीटर मुंबईत व्हतं, म्हंजे आकडे खोटे. गोमटेशनंच लिवलं. असले आकडे दुसऱ्या कुणाला जमणार?”

“जमले कुठे?” चंदना म्हणाली. “चला, तिघांना एकत्र बसवू.”

जयराजच्या केबिनमध्ये तिने रजिस्टर टेबलावर ठेवलं.

“आठ तारखेला आकडा तीन पॉइंट दोन आहे, नऊला चार पॉइंट दोन. विझत जाणारी वस्तू एका रात्रीत वाढली? मार्चचं पान बघा. नऊ ते वीस मार्चचे आकडे जसेच्या तसे एप्रिलमध्ये उतरवलेत. गोमटेशना ठाऊक आहे की हे होऊ शकत नाही, आणि मीटर तर त्यांनीच पाठवलं होतं. ऋषिराज रोज मीटर हातात धरतो. आकडा उतरतो हे त्यालाही माहीत, आणि त्या दिवसांत मीटर नव्हतं हेही. मीटर गाडीतच होतं असं एकाच माणसाने सांगितलं. टेबलावरचं पत्र तुम्ही वाचलंच नाही, जयराज.”

“सह्या सिद्धूच्या आहेत,” जयराज म्हणाला.

“त्याच्याच आहेत. एक तारखेला, महिनाभराच्या एकदम करून घेतलेल्या. म्हणून तर तो अकराला आजारी पडल्यानंतरच्या दिवसांसमोरही त्या आहेत. आकडे तुम्ही मागाहून भरलेत. बॅजही हरवलेला नाही, तुम्ही तो नाहीसा केलात. त्यातला आकडा तुम्हाला बदलता आला नसता.”

मग ऋषिराजने तोंड उघडलं.

“ज्या तारंनं कांडी पेटीतनं भायेर-आत करतात, त्या तारंपासनं ती सुटून पडली. सिद्धूला वाटलं, कसला तरी सुटा भाग हाय. खिशात घातली त्यानं. दुपारपतुर खिशातच. त्यो वकायला लागला तवा मला उमगलं. मी काढून शिशाच्या डब्यात टाकली आन् साहेबांना फोन लावला. साहेब म्हणले, गप ऱ्हावा.”

“अशा घटनेची खबर अणुऊर्जा नियामक मंडळाला चोवीस तासांत द्यायची असते,” चंदना म्हणाली.

“दिली असती तर परवाना त्याच दिवशी थांबला असता,” जयराज म्हणाला. “बावीस माणसं आहेत माझ्याकडे. आणि वाटलं, बरा होईल पोरगा.”

चंदनाने गोमटेशसमोर कोरा कागद ठेवला. त्याने अहवाल लिहिला, एकतीस दिवस उशिरा. तिसऱ्या दिवशी मुंबईहून मंडळाचे अधिकारी आले आणि कंपनीला सील लागलं. त्याच संध्याकाळी सिद्धू गेला.

“पहिल्याच दिवशी कळलं असतं तर?” सयाजीने डॉक्टरांना विचारलं.

“काय शोधायचं हे कळायलाच आम्हाला दोन आठवडे लागले,” डॉक्टर म्हणाले. “वाचला असता असं नाही म्हणत. प्रयत्न तरी केला असता.”

बिराप्पा बाकावर बसून होता. कोण खरं बोलत होतं, ते चंदनाने त्याला सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि पोराला गावी न्यायला गाडी किती वाजता मिळेल, एवढंच विचारलं.

ऋषिराज आला होता. चंदना त्याला बाजूला घेऊन म्हणाली, “कांडी तू हाताने काढलीस. रक्त तपासून घे. आज, इथेच.”

“नको बाई. कागदावर आलं की ह्या लाइनीत कोण घेत न्हाई. सोमवारपासनं कोल्हापूरच्या कंपनीत लागतोय. लोणंदला कवा न्हवतोच, असं सांगितलंय.”

बिराप्पाला उठवायला तो पुढे झाला. त्याने हात पुढे केला, तेव्हा बोटांची सोललेली कातडी सयाजीला दिसली.