पिशवीतला कॅमेरा

हसताय ना, हसा. पण ही माझ्या सख्ख्या साडूची गोष्ट आहे, ऐकीव नाही. घरोघरी कॅमेरे बसवायचं काम करायचा तो. आता करत नाही, का ते सांगतो. आणि तू, मोबाइल खाली ठेव, नाहीतर ऊठ इथनं.

मागच्या नोव्हेंबरातला दुसरा शनिवार. रात्रीचे नऊ वाजून गेलेले. एका बंगल्यावरून बोलावणं आलं, मागच्या दारावरचा कॅमेरा बदलायचा होता. तिथे दोघे भाऊ राहायचे. थोरल्याला त्याच दारात कुणीतरी पहारीनं ठेचून मारलं होतं. कॅमेरा आधीच फोडलेला, त्यामुळे रेकॉर्डरमध्ये काही सापडलं नव्हतं. चोराचंच काम, असं सगळे धरून चालले होते.

धाकटा घरात एकटाच. म्हणाला, "दादा गेल्यापासून डोळ्याला डोळा लागत नाही हो. तेवढा आजच बसवून द्या." फुटक्या कॅमेऱ्याचे तुकडे एका पिशवीत घालून टेबलावर ठेवलेले होते.

आता हे बिनतारी कॅमेरे म्हणजे सोपं काम असतं. नवा रेकॉर्डरशेजारी ठेवायचा, बटण दाबायचं, की दोघांची जोडी जमते आणि पडद्यावर चित्र येतं. पण त्याआधी जुन्याची नोंद रेकॉर्डरमधून काढून टाकायची असते. आमचे साडूबुवा घरी जेवायच्या घाईत. ते विसरले आणि बटण दाबलं.

चित्र आलं. "झालं बघा काम," साडू म्हणाला. मग त्यानं नीट बघितलं. नवा कॅमेरा टेबलावर होता, तोंड भिंतीकडे. पडद्यावर मात्र मागचं दार दिसत होतं. वरून. जिथे आता नुसते स्क्रू उरले होते तिथून.

पिशवीतला कॅमेरा दाखवत होता. तो फुटल्यानंतर दारात जे घडलं ते. त्या कॅमेऱ्यानं कधी पाहिलंच नव्हतं ते.

दारात थोरला. त्याच्यासमोर पाठमोरा एक माणूस, हातात पहार. पहिला घाव खांद्यावर. थोरला गुडघ्यांवर आला. दुसरा तोंडावर. मग... मग तोंड असं राहिलंच नाही. तरी तो मारतच होता. दमला, तेव्हा वळला.

धाकटा.

साडू हत्यारांच्या पेटीकडे वळला. "मी... निघतो."

"बसा ना," धाकटा म्हणाला. त्यानं दाराला कडी घातली. साडूच्याच पेटीतला हातोडा उचलला. "दादा पण असाच बघत होता माझ्याकडे."

पहिल्या घावात साडूचं मनगट मोडलं. तो पडला. पोरांचे चेहरे डोळ्यांपुढे आले म्हणतो. हातोडा पुन्हा वर गेला. साडूची नजर पडद्यावर होती...

थोरला उठत होता.

तोंड नसलेला. धडपडत उठला. दारातून आत आला. चित्रातून दिसेनासा झाला.

आत पाऊल वाजलं.

कुणीतरी मागून साडूचा खांदा धरला. फरफटत बाजूला ओढला. हातोडा रिकाम्या फरशीवर आदळला, फरशी तडकली. मागे वळून बघितलं... कुणी नाही.

"दादा, नको..." धाकटा एवढंच म्हणाला. हातोडा त्याच्या हातातून निसटला आणि जमिनीवरच पडून राहिला. आणि त्याच्या तोंडावर घाव पडायला लागले. मारणारा कुणी दिसत नव्हता. दात उडाले. गाल फाटला. तो खाली पडला तरी घाव थांबेनात. पुन्हा. पुन्हा.

मग... घाव थांबले. धाकटा संपला होता.

पोलिसांनी साडूला खूप पिळून काढलं. हातोड्यावर धाकट्याचं रक्त नव्हतं, याचं मनगट मोडलेलं, म्हणून सुटला बिचारा. मला तरी त्याचा शब्दच खरा वाटतो.

परवा गेलो होतो त्याच्याकडे. त्यानं सदरा काढून खांदा दाखवला. बोटांचे वळ. डॉक्टर म्हणतात जातील. वर्ष होत आलं, अजून ताजे आहेत. मी हात लावला, तर ती जागा बर्फासारखी गार.

आणि माझ्यादेखत तिथली कातडी दबली... कुणी पकड आणखी घट्ट करावी तशी.