तिसरी ओ

बिडी दे रं एक. आन् कंदील जरा बारीक कर, डोळ्यावर येतोय. पहाटं वरात वाजवायची हाय, गप झोपा म्हनलं तर तुमास्नी गोष्ट पायजे. बरं, सांगतो. पर ह्या लालासाहेबाला, म्हंजे मला, मधी तोंड घातल्यालं खपत न्हाई, आधीच सांगून ठेवतो. आन् ही चावडीवरची थाप न्हवं. ज्याच्यावर बेतलं, त्येच्याच तोंडनं ऐकलीया.

आपल्या बँडमधी नाथाजी व्हता, मसूरचा. मी क्लॅरोनेट वाजवायचो, त्यो साइड ड्रम. हात असा की नाचनारी मानसं नाच सोडून त्येच्याकडं बगत ऱ्हायची. पर ड्रम भिकार. पत्र्याला पोचे पडल्यालं, आवाज रिकाम्या डब्यावानी. तवा गड्याच्या डोक्यात आलं, आपल्याला पायजे तसा तांब्याचा ड्रम घडवून घ्यायचा. कराडात कोंडीबा तांबट व्हता, हंडे-घागरी करनारा. त्येला गाठलं. कोंडीबा म्हनला, तांबं घेऊन ये, घडवतो.

आन् ह्या शान्यानं काय न्यावं? आईचा बंब.

न्हानीतला पानी तापवायचा बंब रं, उभा, गोल. नाथाजीची आई बनुबाई जन्मभर त्याच बंबापुढं बसून लेकाला हाक मारायची, नाथा, ऊठ, पानी तापलं. नाथाजीची पहिली दोन लेकरं बाळसं धरायच्या आतच गेली. नातू मांडीवर घेऊन न्हाऊ घालायचा, एवडंच म्हातारीच्या मनात, आन् नेमकं तेच राहिलं. आखाडात ती गेली. पाऊस असा की अंगनात चूल पेटंना, म्हनून मड्याच्या अंगुळीचं पानी बी त्याच बंबात तापवलं. तसलं भांडं कुनी पुन्हा वापरतं का? चुलती धोंडुबाईनं तवाच सांगितलं व्हतं, ह्यो बंब मोडीत घाल. ह्येनं मोडला खरा, पर ड्रम करायला. चुलतीला कायबी बोलला न्हाई.

कोंडीबानं काम मातर नामी केलं. बंबाची आतली नळी काढली, वरचा आन् खालचा भाग कापला, मधलं गोल कडं तेवडं ठिवलं. ते भट्टीत लाल करायचं, निववायचं, आन् मग हातोडीनं बारीक बारीक ठोकत बसायचं. मठारनं म्हनत्यात त्येला. एका जागी ठोका जास्ती पडला की तांबं पातळ हुतंय आन् आवाज फाटका निघतोय. म्हनून त्यो ठोकायचा, कानाला लावायचा, पुन्हा ठोकायचा. दोनी काठ लोखंडी सळईवर दुमडून घेतलं. कातडं मिरजेचं. आन् खालच्या कातड्याला ज्या आडव्या तारा असत्यात, ज्यांच्यामुळं ड्रम कडकडतो, त्या बी मिरजेच्याच, सतारीच्या बारीक तारा.

ड्रम आनायला आमी दोघं गेलो. कोंडीबानं त्यो फळीवर ठिवला आन् नुसता खाकरला. ड्रम बी खाकरला. मी दचकलो. कोंडीबा हसाय लागला. म्हनला, तारा लय नाजूक बसल्यात, जवळ कुनी बोललं तरी ह्यो हुंकार देनार. आपनहून कवा वाजायचा न्हाई, पर आवाज झाला की गप बी बसायचा न्हाई. रातचं ही कळ वडून तारा ढिल्या करीत जा, न्हाईतर घरादाराला झोप न्हाई.

एस्टीत नाथाजी ड्रम मांडीवर घेऊन बसला, लेकरू घेतल्यागत. कंडक्टर तिकीट म्हनला की ड्रम हुं करायचा. सगळी गाडी हसत व्हती. मी मसूरला त्येला घरापाशी सोडला आन् माझ्या वाटंनं गेलो.

आता ती रात ऐका. साल चौऱ्याहत्तर, कार्तिकातली अवस, शुक्कीरवार. नाथाजीच्या घरात पाचवी व्हती. त्येची बायको मनुबाई तिसऱ्यांदा बाळंत झाल्याली, पोरगा झाल्याला. तिला माहेरचं कुनी न्हाई, म्हनून बाळंतपन सासरीच. आदीची दोन गेल्याली, तवा ह्या लेकरावर सगळ्यांचा जीव टांगल्याला. पाचवीच्या राती सटवाई येऊन कपाळावर ल्हिती म्हनत्यात. पाटा-वरवंटा पुजायचा, लेकराच्या उशाला इळा ठेवायचा, दिवा इझू द्यायचा न्हाई आन् रातभर जागायचं. दार लावून घ्यायचं. बाहेरनं कुनी हाक मारली तर ओ द्यायची न्हाई.

मनुबाई बाजेवर, लेकरू कुशीत. धोंडुबाई दिव्यापाशी. नाथाजी दाराला पाठ लावून बसल्याला. ड्रम खुंटीला. लेकरू रडलं की ड्रम थरथरायचा, आन् नाथाजीला लय कवतिक. बापाच्या ड्रमनं लेकाला वळखलं म्हनला. म्हातारीला बी हसू आलं. त्या नादात कळ वडायची राहिली.

मग लेकरू झोपलं. बोलनं थांबलं. वारा न्हाई. कुत्र्याचं भुकनं न्हाई.

आन् ड्रम हुंकारला.

बारीक. हुं... हुंऽ.

नाथाजीला वाटलं बाहेर कुनीतरी बोलतंय. त्येनं कान दिला. काय न्हाई. दाराच्या फटीतनं बगितलं. अंगन मोकळं. पर कोंडीबा म्हनला व्हता, ह्यो आपनहून वाजायचा न्हाई. म्हंजे आवाज झालाय. मानसाच्या कानाला आला न्हाई, तारांना आलाय.



धोंडुबाईनं ड्रमकडं बगितलं. मग नाथाजीकडं. हळूच म्हनली, "तांबं कुठलं रं हे?"

त्येनं मान खाली घातली.

"नाथा. तांबं कुठलं?"

"आईचा बंब."

म्हातारीनं डोळं मिटून घेतलं. तिच्या बोलन्याला बी तारा थरथरत व्हत्या. ती थांबली. तारा थांबल्या. चौघांचा श्वास तेवडा. आन् पुन्हा...

हुं... हुंऽ.

"बनू आलीया," धोंडुबाई म्हनली. आता तिचा नुसता ओठ हालत व्हता. "नातवाला हाक मारतीया. आपुन ओ दिली नसती. पर हे तांबं देतंय. दोनदा हाक, दोन ओ गेल्या, नाथा. तिसरी ह्येनं दिली की लेकरू गेलं."

मनुबाईनं पोराला उराशी असं आवळलं की त्यो कन्हला. नाथाजी उठला. कळ सापडंना. सापडली. वडली. तारा लोंबल्या.

ड्रम मुका झाला.

धोंडुबाईनं तोंडावर बोट ठिवलं. हुं न्हाई, चूं न्हाई. आता तिसरी ओ ज्याच्या तोंडनं जाईल, त्यो तिचा.

पर आता हाक आली तरी कळनार कसं? तारा तर गेल्या. तिघं बसली. दिव्याकडं बगत. दाराकडं बगत. नाथाजी मला म्हनला, लाला, त्या हुंकारापरास ही शांतता वाईट व्हती. 

किती येळ गेला, देव जानं.

मग लेकरानं डोळं उघडलं.

आईकडं न्हाई. दाराकडं. पाच दिसाचं पोर, पर मान वळवली त्येनं. ऐकत व्हतं. मनुबाईनं त्येच्या तोंडात थान दिलं. घेईना. तिनं तळहात पुढं केला, पर तान्ह्या लेकराचं तोंड दाबायचं कसं? हात तसाच राहिला. लेकराचा ऊर भरून आला. व्हट उघडलं. आता रडनार. आता...

नाथाजी उभा राहिला. दाराकडं तोंड केलं.

"ओ, आई," म्हनला. मोठ्यानं. "आलो."

...

लेकरानं तोंड मिटलं. डोळं मिटलं. झोपलं.

धोंडुबाईनं पदर तोंडात कोंबला. मनुबाई नवऱ्याकडं बगत राहिली. नाथाजी दाराला पाठ लावून पुन्हा खाली बसला, कवा न्यायला येती म्हनून वाट बगत. कुनी आलं न्हाई. कोंबडं आरवलं. फटफटलं. लेकरानं पोटभर दूध पिलं. तवा कुठं मनुबाई नवऱ्याच्या गळ्यात पडून रडली, चुलतीसमोर, लाज न धरता.

त्ये पोरगं जगलं. आता साळंत बिगारीत जातंय, लय द्वाड हाय.

दुसऱ्या दिशी उंब्रजला आपल्या बँडला लगीन वाजवायचं व्हतं. नाथाजी ड्रम घेऊन आला. मांडवामागं मला बाजूला घेऊन समदं सांगितलं. मी त्येला हसलो. म्हनलं, जागरन आन् अवस, दुसरं काय बी न्हाई. मेला असतास तर हितं आला असतास का? त्यो बी जरा हसला. म्हनलं, बगू तुझा ड्रम.

ड्रम बाकड्यावर ठिवला. मी कळ चढवली. तारा ताठ झाल्या.

"नाथा," म्हनलं. ड्रम हुंकारला. खाकरलो, त्यो खाकरला. वाडप्याचं पोरगं बादली आपटत गेलं, त्यो गुरगुरला. बग की, म्हनलं, साधा ड्रम हाय.

नाथाजी वाकला. "आई," म्हनला.

तारा गप.

जरा मोठ्यानं "लाला" म्हनला. गप.

मला वाटलं कळ सुटली. मी बोललो. लगीच हुं. म्हंजे कळ ठीक.

मग त्येनं ड्रमाच्या कातड्याला तोंड लावलं आन् वरडला. असा वरडला की मांडवातली मानसं वळून बगाय लागली. माझ्या कानाचा पडदा फाटायची पाळी. मी तारांवर डोळं लावून व्हतो.

एक तार हालली न्हाई.

त्यो सरळ झाला. तोंड पांढरं फटक. लय हळू आवाजात म्हनला,

"लाला... तुला तरी ऐकू येतंय न्हवं?"

मी हो म्हनून मान हालवली.