कारण : थकवा

शाल्मलीने त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो चुकीच्या खोलीत बसला होता.

सर्जापूर रोडवरच्या त्या संशोधन संस्थेत त्या सकाळी परीक्षक निवडायची चाचणी होती. वर्गात शिकवणाऱ्या शिक्षकांच्या छोट्या क्लिप बघायच्या आणि शिक्षकाच्या वागण्यात मुलांबद्दल किती आपुलकी दिसते, याला एक ते पाच गुण द्यायचे. उमेदवार सहा बोलावले होते, बसले होते सात. सातवा हा. निळा शर्ट, मांडीवर खाकी लिफाफा, कानांना हेडफोन आणि चेहऱ्यावर असा भाव की वर्गात तो स्वतःच बसलाय.

"तुमचं नाव माझ्या यादीत नाही," ती म्हणाली.

"नसणारच की. मी माझ्या जुन्या शाळेची संमतीपत्रं द्यायला आलो होतो. बाहेरच्या बाईंनी हातात कागद दिला, बसा म्हणाल्या. बसलो."

"आणि चार क्लिपना गुणही दिलेत?"

"पाच. स्वल्प थांबा, सहावी अर्धी राहिलीय."

शाल्मलीला हसायचं नव्हतं. पाच वर्षं पीएच.डी. ओढत आणलेल्या बाईला सकाळी दहाला हसू कुठून सुचणार? पण आलं खरं. हसू काही गाईडची परवानगी घेऊन येत नाही.

त्याचं नाव पद्मनाभ. घर तीन पिढ्या बंगळुरातलं, मराठी घरापुरती आणि तीही कानडीत भिजलेली. नऊ वर्षं शाळेत गणित शिकवून दमला, आणि आता वडिलांच्या, नरसिंगरावांच्या वह्या-पुस्तकांच्या दुकानात बसत होता. ती नागपूरची, के. आर. पुरमच्या एका खोलीत राहणारी. ती स्वतः पहिली परीक्षक, दुसरा हवा होता. सात जणांच्या कागदांत तिच्याशी जुळला तो या आगंतुकाचाच. जिथे तिने दोन दिले तिथे त्याने तीन, तिचे तीन तर त्याचे चार. एक पायरी वर, पण क्रम तोच.

"तू कडक आहेस, तो मऊ," सुनंदा मॅडम, तिच्या गाईड, म्हणाल्या. "चालेल. कोण किती कडक आहे याचा अंदाज संख्याशास्त्राचं मॉडेल काढतं आणि तेवढं वजा करतं. मग उरते ती शिक्षकाची खरी आपुलकी. फक्त कडक माणूस शेवटपर्यंत कडक राहिला पाहिजे आणि मऊ माणूस मऊ. आणि हो, क्लिपबद्दल तुम्ही एकमेकांशी अक्षर बोलायचं नाही."

बोलले नाहीत. दोनशे चाळीस क्लिप, तीन महिने, दोन खोल्या, मध्ये भिंत. डोळे चुरचुरायचे, पाठ धरायची. दुपारी मात्र दोघं गेटबाहेरच्या टपरीवर 'वन बाय टू' कॉफी घ्यायचे, म्हणजे एक कॉफी दोन पेल्यांत. त्याच्या डब्यातलं चित्रान्न, म्हणजे लिंबाचा पिवळा भात, तिच्या झाकणात यायचं, तिची मेसची थंडगार पोळी त्याच्याकडे जायची. या व्यवहारात तो सरळसरळ बुडत होता, पण त्याची तक्रार नव्हती.

"आजची सत्तावन्न नंबरची बघितली काय?"

"पद्मनाभ... नियम."

"मी फक्त बाईंच्या साडीचा रंग सांगणार होतो."

"तोही नको."

"सरी, बरं. मग तुमच्या ओढणीचा सांगतो. पिवळा बरा दिसतो."

ती पेल्यात बघत राहिली. कॉफी संपून बराच वेळ झाला होता.

टपरीवाला उमाजी सगळ्यांवर खेकसायचा. शाल्मलीने एकदा त्रासून म्हटलं, काय उद्धट माणूस आहे. पद्मनाभ म्हणाला, "तोंडाकडे बघू नका हो, हाताकडे बघा. तुमच्या पेल्यात रोज दोन घोट जास्त ओततो." तिने बघितलं. खरंच ओतत होता. त्या दिवसापासून तिला जिथे तिथे माणसांचे हात दिसायला लागले.

मे महिन्यात क्लिप संपल्या, आणि एका दुपारी तिने मॉडेल चालवलं. परीक्षकांचा कडकपणा महिन्याप्रमाणे काढून आलेख मांडला. दोन रेघा. तिची वर सुरू झालेली, त्याची खाली. तिची उतरत गेली होती, त्याची चढत. एप्रिलच्या सुरुवातीला दोन्ही एकमेकींना छेदून गेल्या आणि शेवटाला जागा पुरत्या बदलून बसल्या. आता कडक तो होता, मऊ ती.

तिने गणित तीनदा तपासलं. गणिताची चूक नव्हती.

सुनंदा मॅडमनी चष्मा कपाळावर सरकवला. "बोललात क्लिपबद्दल?"

"नाही, मॅडम. एकदाही नाही."

"मग दोघांनी आपापलं कारण लिहून द्या. वेगवेगळं, बंद पाकिटात, एकमेकांना न विचारता. त्याला मी फोन करते." मग त्यांचा आवाज जरा उतरला. त्याही दमल्या होत्या. पाच वर्षं त्यांचीही गेली होती. "थकवा लिही, शाल्मली. सगळे तेच लिहितात. मॉडेलमध्ये वेळेचा एक घटक घालू, एका परिच्छेदात आटपेल, जूनमध्ये प्रबंध जाईल. परीक्षक एकमेकांकडे ओढले गेले असं काही असलं, तर मात्र एका परीक्षकाला काढावं लागेल, निम्म्या क्लिप नव्या माणसाकडून... चार महिने. आणि पुन्हा मुदतवाढ मिळेलच याची हमी मी देणार नाही."

थकवा. एकच शब्द, आणि खोटाही नव्हता. शाल्मली इतकी थकली होती की खुर्चीतून उठायचं म्हटलं तरी आधी मनाची तयारी करावी लागे. लिहावा आणि सुटावं. आई फोनवर रोज विचारायची, "कधी संपून राहिलं गं तुझं?" जून म्हणून सांगता आलं असतं.

ती कागद पुढे घेऊन बसली आणि एकशे त्र्याऐंशी नंबरची क्लिप पुन्हा लावली. एक बाई एका पोराला फाडफाड बोलत होत्या, आणि बोलता बोलता त्याचीच पेन्सिल तासून देत होत्या. मार्चमध्ये तिने याला दोन दिले असते. एप्रिलमध्ये चार दिले होते. का दिले ते तिला चांगलं ठाऊक होतं. क्लिप बघताना तिने मनात विचारलं होतं, पद्मनाभ इथे काय बघेल?

थकवा असता तर दोघंही एकाच बाजूला घसरले असते. जागा बदलायला थकवा पुरत नाही.

आपण या माणसाच्या प्रेमात पडलोय हे तिला असं कळलं, भर दुपारी, पंख्याच्या घरघरीत. मग भीती वाटली. त्याने थकवा लिहिला तर? तर मुदत जाईल, अब्रू जाईल, आणि तोही जाईल. तरी तिने लिहिलं : 'मी दुसऱ्या परीक्षकाच्या नजरेने बघू लागले. कारण थकवा नाही. आमचे निर्णय आता स्वतंत्र धरू नयेत.'

दुसऱ्या दिवशी मॅडमनी दोन्ही कागद तिच्यासमोर शेजारी शेजारी ठेवले. त्याचा कागद छोटा होता. गणिताच्या मास्तरांचं गोल अक्षर, आणि एकच शब्द.

थकवा.

मॅडमनी तिचा कागद तेवढा फायलीत घातला आणि मुदतवाढीचा अर्ज तिच्याकडे सरकवला. शाल्मलीने तो भरला. कुठल्या रकान्यात काय लिहिलं ते तिला नंतर आठवेना.

तो गेटबाहेर उभा होता. बारीक पाऊस पडत होता, बंगळुरात पडतो तसा, कुणी दखलही घेत नाही असा.

"मॅडमचा फोन आला," तो म्हणाला. "तुम्ही असं का लिहिलात? जून गेला की तुमचा."

"तुम्ही थकवा का लिहिलात?"

"जून तुमच्या हातचा जाऊ नये म्हणून. आई रोज विचारते म्हणाला होतात ना."

"म्हणजे... खोटं लिहिलंत?"

"होय की." त्याने चष्म्यावरचं पाणी शर्टाला पुसलं आणि चष्मा जास्तच धुरकट करून पुन्हा लावला. "तुम्ही एकेक ओळ तीनदा तपासता. भिंतीपलीकडे बसून वाटायचं, ती बाई एवढा जीव तोडून बघतेय आणि मी आपला पाच-पाच वाटत सुटलोय. मग प्रत्येक क्लिपला म्हणायचं, शाल्मली असती तर एवढ्यावर भुलली नसती. असं करत करत... तुमच्याशिवाय काही बघताच येईना मला. हे कागदावर कसं लिहायचं? मॅडम काय म्हणतील?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. किती दिवसांनी कुणी तिच्यासाठी काही केलं होतं, आणि तेही किती चुकीचं.

"मला तुम्ही आवडता, पद्मनाभ," ती म्हणाली. "आणि मला चार महिने तुमच्याशिवाय काम करायचंय. तुम्हाला आत येता येणार नाही आता."

"बाहेर यायला कुणाची ना आहे काय?"

तिची बस आली. तिच्या पाठोपाठ तोही चढला.

"तुमचं घर उलट्या दिशेला आहे."

"होय की."

बेळ्ळंदूरला नेहमीसारखी गाडी अडकली. गेल्या पाच वर्षांत बसमध्ये ती कधी झोपली नव्हती. स्टॉप चुकेल ही धास्ती असायची.

"मी फार दमलेय हो," ती म्हणाली.

"निजा. मी जागा आहे."

तिने डोकं त्याच्या खांद्यावर टेकलं आणि तिला खरोखरच झोप लागली. जागी झाली तेव्हा बाहेर अनोळखी दुकानं होती आणि के. आर. पुरम कितीतरी मागे राहिलं होतं.

"उठवलं का नाही?"

"उठवणार होतो," तो ओशाळून म्हणाला. "धीर झाला नाही."

शाल्मलीने घड्याळाकडे बघितलं, मग त्याच्याकडे. खांदा अवघडून गेला असणार, पण त्याने तो तसूभरही हलवला नव्हता. ती पुन्हा त्यावरच टेकली.